विश्लेषण : मऊ मातीत भुयारी मेट्रोचा खड्डा उभा कसा राहतो? कार्ल टर्झाघी यांनी इंजिनीअरांना काय शिकवले?

रस्त्याच्या मधोमध पत्रे ठोकले जातात आणि त्यांच्याआड महिनोन्महिने खोदकाम चालते. पत्र्यांच्या एका बाजूला वीस-तीस मीटर खोल खड्डा असतो, तर दुसऱ्या बाजूला काही पावलांवर दुकाने, जुन्या इमारती आणि बसथांबा. खाली कठीण खडक असेल तर काम त्या मानाने सोपे जाते. मऊ, पाण्याने भरलेली चिकणमाती असेल तर मात्र खड्ड्याच्या भिंती आत सरकतात, तळ वर येतो आणि शेजारची इमारत खचू लागते.

अशा मातीला कसे सावरायचे, याचे आजचे शास्त्र ज्या माणसामुळे उभे राहिले, त्याचे नाव कार्ल टर्झाघी (१८८३-१९६३). सिव्हिल इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे नाव सॉइल मेकॅनिक्सच्या पुस्तकातील सूत्रांमुळे माहीत असते. प्रत्यक्षात सूत्रांइतकीच महत्त्वाची अशी एक सवय त्यांनी या व्यवसायाला लावली. जमीन पुरती कळली असे कधीच गृहीत धरायचे नाही, खोदताना ती मोजत राहायचे आणि मोजमाप सांगेल तसा आराखडा बदलायचा, ही ती सवय.

टर्झाघी कोण होते?

कार्ल टर्झाघी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्रागमध्ये झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होते. वडील सैन्यात अधिकारी होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात स्थायिक झाले. मुलाला लहानपणीच लष्करी निवासी शाळेत घालण्यात आले. तिथे त्याला खगोलशास्त्र आणि भूगोलाची गोडी लागली.

१९०० मध्ये त्यांनी ग्राझच्या तंत्रविद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. विद्यार्थीदशेत ते इतके दंगेखोर होते की एकदा विद्यापीठातून काढून टाकण्याची वेळ आली होती. शिक्षकांनी बाजू घेतल्यामुळे ते वाचले आणि १९०४ मध्ये चांगल्या गुणांनी पदवीधर झाले. त्यानंतरच्या सक्तीच्या लष्करी सेवेच्या वर्षात त्यांनी भूगर्भशास्त्रावरचे एक इंग्रजी पुस्तक जर्मन भाषेत आणले. यंत्रांचे शिक्षण घेतलेला हा तरुण तिथून जमिनीकडे वळला. पुन्हा विद्यापीठात जाऊन त्यांनी वर्षभर भूगर्भशास्त्र, रस्ते आणि रेल्वेबांधणीचा अभ्यास केला.

मातीचा प्रश्न त्यांना कुठे भेटला?

पहिली नोकरी व्हिएन्नातील एका बांधकाम कंपनीत होती. क्रोएशियातील चुनखडीच्या प्रदेशात जलविद्युत प्रकल्पासाठी पाहणी करणे, रशियात सेंट पीटर्सबर्गला इमारतीचे अडलेले काम मार्गी लावणे, अशी कामे त्यांनी केली. १९१२ मध्ये त्यांना ग्राझ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

या काळात एक गोष्ट त्यांना खटकत होती. पोलाद किंवा काँक्रीटचा खांब किती भार पेलेल, हे इंजिनीअर आधी गणित करून सांगू शकत होते. तोच खांब ज्या मातीवर उभा आहे, ती किती भार पेलेल हे सांगताना मात्र अनुभव आणि अंदाज यांवरच भिस्त होती. अंदाज चुकला की धरण फुटायचे किंवा इमारत कलायची. मग दोष कधी निसर्गाला दिला जाई, कधी ठेकेदाराला.

भूगर्भरचना आणि बांधकामांचे यशापयश यांची सांगड घालता येईल, या आशेने १९१२ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथे जवळपास दोन वर्षे त्यांनी धरणांची कामे पाहिली आणि नोंदी जमवल्या. पण हाती नियम लागला नाही. एकच नाव दिलेली माती दोन ठिकाणी अगदी वेगळी वागत होती. वाळू किंवा चिकणमाती असे नुसते नाव देऊन भागणार नाही, मातीचे गुणधर्म आकड्यांत मोजावे लागतील, एवढाच धडा घेऊन ते १९१३ च्या अखेरीस परतले.

इस्तंबूलमध्ये काय सापडले?

पहिल्या महायुद्धात ते लष्करात होते. १९१६ मध्ये त्यांना इस्तंबूलच्या इंजिनीअरिंग महाविद्यालयात शिकवण्यासाठी पाठवण्यात आले. युद्धात हार झाल्यावर ती नोकरी गेली. मग त्याच शहरातील अमेरिकी रॉबर्ट कॉलेजमध्ये त्यांना काम मिळाले. प्रयोगशाळेसाठी पैसे नव्हते. सिगारची रिकामी खोकी आणि कॉलेजच्या भंगारातून उचललेल्या वस्तू जोडून त्यांनी उपकरणे बनवली. त्यांच्या आधारे वर्षानुवर्षे ते मातीचे छोटे नमुने दाबत राहिले, ते किती आणि किती वेळात दबतात हे टिपत राहिले.

त्यातून जे हाती आले ते समजून घ्यायला श्रीखंडाचा चक्का आठवावा. दही फडक्यात बांधून वर वजन ठेवले की ते लगेच घट्ट होत नाही. सुरुवातीला वजनाचा दाब दह्यातल्या पाण्यावर येतो. पाणी हळूहळू निथळते, तसतसा भार घट्ट भागाकडे जातो आणि गोळा आक्रसतो. पाण्याने भरलेली चिकणमातीही अशीच वागते. फरक एवढाच की तिची छिद्रे अतिशय बारीक असल्याने पाणी निघायला तास नव्हे, वर्षे लागतात.

मातीवरच्या एकूण दाबातला काही वाटा छिद्रांतले पाणी पेलते आणि उरलेला मातीच्या कणांचा सांगाडा. मातीची ताकद आणि तिचे दबणे या दुसऱ्या वाट्यावर ठरते. यालाच इफेक्टिव्ह स्ट्रेस म्हणतात. १९२३ मध्ये टर्झाघी यांनी माती दबण्याच्या वेगाचे गणित मांडले. त्यातून निघणारा एक निष्कर्ष असा : मातीचा थर दुप्पट जाड असेल तर तो दबायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. इमारत बांधून वीस वर्षे झाली तरी ती खचतच का राहते, याचे उत्तर आता आकड्यांत देता येऊ लागले.

१९२५ मध्ये व्हिएन्नात त्यांचे जर्मन पुस्तक प्रसिद्ध झाले. आधुनिक सॉइल मेकॅनिक्सची सुरुवात साधारणपणे तिथून मानली जाते. त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटीने त्यांना बोलावून घेतले.

व्हिएन्नातील वाद काय होता?

१९२९ मध्ये टर्झाघी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले. १९३० मध्ये त्यांनी रूथ डॉगेट या अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ महिलेशी विवाह केला. १९३६ मध्ये हार्वर्डला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे स्थापन झालेल्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १९५७ पर्यंत त्या पदावर राहिले.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कटू प्रकरण घडले. त्याच विद्यापीठातील प्राध्यापक पॉल फिलुंगर यांनी १९३६ च्या अखेरीस एक पुस्तिका छापून टर्झाघी यांच्या सिद्धांतावर आणि व्यावसायिक प्रामाणिकपणावर हल्ला चढवला. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. समितीचा कल टर्झाघी यांच्या बाजूने गेला. मार्च १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली.

पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी या वादाकडे पुन्हा पाहिले. पाणी आणि कण अशा दुहेरी पदार्थाचे फिलुंगर यांनी मांडलेले गणित मूलभूत आणि काळाच्या पुढचे होते, असे अनेकांनी नोंदवले आहे. त्यांची वैयक्तिक टीका टोकाची होती, पण त्यांचे शास्त्र टाकाऊ नव्हते. टर्झाघी यांच्या चरित्रात हे प्रकरण वगळता येत नाही. त्याच दशकात न्यूरेम्बर्ग येथील नाझी पक्षाच्या मेळाव्यांच्या भव्य इमारतींच्या पायांसाठीही त्यांनी सल्ला दिला होता, ही नोंदही वगळता येत नाही.

१९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षी टर्झाघी अमेरिकेत आले आणि हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. शिकागोचे काम त्यांच्यापुढे आले ते याच टप्प्यावर.

शिकागोत प्रश्न काय होता?

शिकागोच्या मध्यवर्ती भागाखाली हिमयुगातील बर्फाने मागे ठेवलेली चिकणमाती आहे. तिचे काही थर फारच मऊ आहेत. १८८९ मध्ये उभ्या राहिलेल्या तिथल्या ऑडिटोरियम इमारतीचा मनोरा काळाच्या ओघात दोन फुटांहून अधिक खचला. जुन्या इमारतींपैकी अनेकांचे पाये याच मातीवर पसरलेले होते.

डिसेंबर १९३८ मध्ये या शहराच्या पहिल्या भुयारी रेल्वेचे काम सुरू झाले. मार्ग स्टेट स्ट्रीटखालून जाणार होता. हा शहरातील मोठ्या दुकानांचा रस्ता. भुयार खणताना माती आत सरकली तर वरचा रस्ता बसेल, इमारतींना तडे जातील आणि भरपाईचे दावे लागतील, ही मालमत्ताधारकांची भीती रास्त होती.

शहर प्रशासनाने टर्झाघी यांना सल्लागार नेमले. त्यांची अट होती की कामावरच मातीची प्रयोगशाळा हवी आणि ती चालवायला त्यांच्या विश्वासातला माणूस हवा. यासाठी राल्फ पेक या तरुणाची निवड झाली. पेक यांचे शिक्षण पुलांच्या बांधणीचे. त्या क्षेत्रातली नोकरी गेल्यावर ते हार्वर्डला मातीचा विषय शिकायला आले होते. १९३९ च्या सुरुवातीला ते शिकागोत दाखल झाले आणि सुमारे तीन वर्षे तिथे राहिले.

मऊ मातीत खड्डा का ढासळतो?

धोका दोन ठिकाणी असतो. पहिला बाजूंना. खणलेली माती शेजारच्या मातीला टेकू देत होती. ती काढली की शेजारची माती आत यायला बघते. म्हणून आधी जमिनीत पोलादी पत्र्यांची भिंत ठोकतात आणि खणत जाऊ तसे समोरासमोरच्या भिंतींमध्ये आडवे टेकू, म्हणजे स्ट्रट बसवतात.

दुसरा धोका तळाला, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. परातीत सैल कणीक घेऊन दोन्ही तळहातांनी कडा दाबल्या तर मधला भाग वर फुगतो. खड्ड्याबाहेरची माती आपल्या वजनाने नेमके हेच करते. ती खाली दबते, भिंतीच्या तळाखालून वळसा घेते आणि खड्ड्याच्या तळातून वर येते.

साधे गणित पाहू. मऊ चिकणमातीचे वजन घनमीटरला साधारण पावणेदोन टन असते. खड्डा दहा मीटर खोल असेल तर तळाच्या पातळीवर बाहेरच्या मातीचा दाब चौरस मीटरला सुमारे साडेसतरा टन होतो. मऊ मातीची घसरणीला विरोध करण्याची ताकद मात्र चौरस मीटरला एक ते अडीच टनांच्या घरात असते. हा दाब मातीच्या ताकदीच्या साधारण सहापटीच्या आसपास पोहोचला की तळ धोक्यात येतो. वरच्या उदाहरणात अडीच टनांची माती धरली तरी प्रमाण सातपट येते. म्हणजे दहा मीटरचा खड्डादेखील काही उपाय न करता खणणे धोक्याचे. तळ उचलला जाण्याची शक्यता तपासण्याची पद्धत टर्झाघी यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात दिली. नंतर नॉर्वेच्या लॉरिट्स बियेरुम यांच्यासारख्या संशोधकांनी प्रत्यक्ष कोसळलेल्या खड्ड्यांवरून ती सुधारली.

यात वेळेचाही भाग आहे. मातीवर इमारत उभी केली तर पाणी निथळून माती काळाबरोबर घट्ट होत जाते. खड्ड्यात उलट घडते. वरचे ओझे उतरल्यामुळे तळाची माती पाणी शोषून घेते आणि दिवसागणिक मऊ होते. म्हणून खणून ठेवलेला आणि तसाच पडून राहिलेला खड्डा अधिकाधिक धोकादायक होत जातो.

शिकागोत काय मोजले गेले?

पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी मातीचे नमुने काढून त्यांची ताकद तपासली. रस्त्याच्या पृष्ठभागावर आणि इमारतींवर खुणा करून त्या किती खाली जातात हे नियमित मोजले. भुयाराच्या तोंडाशी माती आत किती सरकते, हेही मोजले.

या भुयारांचा बराचसा भाग हाताने खणला जात होता. माती इतकी मऊ की वाकड्या पात्याच्या सुऱ्या ओढून तिचे पट्टेच्या पट्टे कापून काढत. काही भागांत माती थोपवण्यासाठी भुयारात हवेचा दाब वाढवलेला असे. भुयारात जितकी जास्तीची माती शिरते, साधारण तितकीच वर रस्ता खचल्याच्या रूपाने दिसते, हा हिशेब मोजमापांतून पुढे आला. मग प्रश्न नेमका झाला. खोदकामाच्या कोणत्या टप्प्यावर माती सर्वाधिक आत येते? एका वेळी किती लांबी उघडी ठेवायची? आधार किती लवकर बसवायचा? उत्तरे मिळत गेली तशी कामाची पद्धत बदलत गेली.

दर वेळी टर्झाघी स्वतः हजर नसत. ते अधूनमधून येत, तर पेक यांचे आकडे आणि अहवाल त्यांच्याकडे सतत जात. सिद्धांत मांडणारा माणूस बोस्टनजवळ आणि माती शिकागोत, पण दोघांमधला धागा रोजच्या मोजमापांचा होता. युद्ध चालू असतानाच, ऑक्टोबर १९४३ मध्ये, स्टेट स्ट्रीटखालून गाड्या धावू लागल्या.

टेकूंनी काय सांगितले?

शिकागोच्या उघड्या खड्ड्यांतील टेकूंवर किती भार येतो, हेही पेक यांनी मोजले. जुन्या सिद्धांतानुसार मातीचा दाब खोलीप्रमाणे सरळ वाढत जायला हवा. म्हणजे वरच्या टेकूवर कमी, खालच्यावर सर्वांत जास्त. प्रत्यक्षातले आकडे तसे आले नाहीत. वरच्या टेकूंवर अपेक्षेपेक्षा जास्त भार होता आणि अगदी तळाशी कमी.

कारण बांधकामाच्या क्रमात दडलेले होते. जुना सिद्धांत आधीच बांधून झालेल्या आणि तळाभोवती किंचित कलणाऱ्या भिंतीसाठी होता. खड्ड्यात मात्र वरचा टेकू सर्वांत आधी बसतो, त्यामुळे भिंतीचा माथा जागीच अडतो आणि पुढे खणताना तिचा खालचा भाग आत सरकतो. भिंत वेगळ्या रीतीने हलते, म्हणून दाबही वेगळ्या रीतीने वाटला जातो.

दुसरी बाब आणखी महत्त्वाची होती. एकाच पातळीवरच्या, एकाच मापाच्या टेकूंवर येणारा भारही सारखा नव्हता. सरासरी पाहून टेकू निवडला तर त्यातले काही सरासरीपेक्षा बऱ्याच जास्त भाराखाली असणार. त्यातला एक जरी निकामी झाला तरी त्याचे ओझे शेजारच्या टेकूंवर जाते, मग तेही वाकतात आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी रांग कोसळते. म्हणून सरासरी नव्हे, तर मोजलेल्या सर्व भारांना सामावून घेणारी मर्यादा धरून टेकू ठरवावेत, अशी पद्धत यातून रूढ झाली. टर्झाघी आणि पेक यांनी १९४८ मध्ये मिळून लिहिलेल्या पुस्तकाद्वारे हे ज्ञान जगभरच्या इंजिनीअरांपर्यंत पोहोचले.

आज मऊ मातीला कसे सावरतात?

पोलादी पत्र्यांच्या जागी आता अनेकदा काँक्रीटची डायफ्राम वॉल असते. अरुंद चर खणून तो बेंटोनाइटच्या पातळ चिखलाने भरलेला ठेवतात, म्हणजे चराच्या कडा पडत नाहीत. मग पोलादी जाळी सोडून खालून काँक्रीट भरतात. हे तंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत विकसित झाले. भारताच्या पहिल्या भुयारी मेट्रोसाठी, म्हणजे १९८४ मध्ये सुरू झालेल्या कोलकाता मेट्रोसाठी, तिथल्या मऊ मातीत याच भिंती वापरल्या गेल्या.

भिंत शक्यतो खालच्या घट्ट थरापर्यंत नेतात, म्हणजे मातीला तळाखालून वळसा घेणे अवघड जाते. टेकू बसवताना जॅकने आधीच ताणून बसवतात. तळाखालच्या मातीत सिमेंट मिसळून खणण्याआधीच तिचा एक कडक थर तयार करतात. खड्डा तुकड्या-तुकड्यांत खणून प्रत्येक तुकड्याचा तळ लगेच काँक्रीटने बंद करतात. काही ठिकाणी आधी छत बांधून वरून खाली काम करतात, त्यात मजल्यांचे स्लॅबच टेकूचे काम करतात.

पाणी उपसताना विशेष काळजी लागते. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी भूजल बेसुमार उपसले तर शेजारच्या इमारतींखालच्या मातीतला पाण्याचा दाब घटतो, भार कणांच्या सांगाड्यावर जातो आणि माती दबते. भिंत जागची हललेली नसतानाही इमारत खचू शकते. इस्तंबूलच्या त्या घरगुती उपकरणांतून निघालेला नियम इथे थेट लागू होतो.

मोजूनही अपघात का होतात?

२० एप्रिल २००४ रोजी सिंगापूरमध्ये मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी मऊ सागरी चिकणमातीत चाललेले खोदकाम कोसळले. खड्डा ३० मीटरच्या आसपास खोल गेला होता. डायफ्राम वॉल होती, पोलादी टेकूंच्या नऊ रांगा होत्या, मोजणीची उपकरणेही होती. तरीही शेजारचा निकोल हायवे खचला आणि चार जणांचा मृत्यू झाला.

चौकशीत अनेक कारणे पुढे आली. संगणकीय गणितात मातीची ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त धरली गेली होती. टेकू आणि भिंतीला लागून असलेली आडवी तुळई यांचा जोड कमकुवत होता. आणि भिंत अपेक्षेपेक्षा जास्त सरकते आहे, हे उपकरणे आधीपासून सांगत होती. मर्यादा ओलांडली गेली तेव्हा काम थांबवून मुळाशी जाण्याऐवजी मर्यादाच वाढवून घेण्यात आली.

टर्झाघी यांच्या कार्यपद्धतीचे दुसरे अंग इथे स्पष्ट होते. मोजणे हा अर्धा भाग झाला. आकडा वाईट आला तर काय करायचे हे आधी ठरलेले असणे आणि काम थांबवण्याचा अधिकार कोणाच्या तरी हातात असणे, हा उरलेला अर्धा. पेक यांनी १९६९ मधील रँकिन व्याख्यानात ही पद्धत शिस्तीने मांडली. ऑब्झर्वेशनल मेथड या नावाने ती ओळखली जाते. जिथे आयत्या वेळी आराखडा बदलणे शक्यच नाही, तिथे ही पद्धत वापरू नये, हा इशाराही त्यांनी दिला.

टर्झाघी यांची अखेरची वर्षे कशी गेली?

१९४३ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. वयाच्या सत्तरीत, १९५३ मध्ये, हार्वर्डमधून निवृत्त झाल्यावरही सल्ला देण्याचे काम सुरू राहिले. इजिप्तच्या अस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. सोव्हिएत इंजिनीअरांशी मतभेद झाल्यावर १९५९ मध्ये त्यांनी ते पद सोडले. अमेरिकेतील सिव्हिल इंजिनीअरांच्या संस्थेचे नॉर्मन पदक त्यांना चार वेळा मिळाले. आयुष्यभर त्यांनी रोजनिशी लिहिली. त्यांची कागदपत्रे ओस्लोतील नॉर्वेजियन जिओटेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत.

त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक कॅनडातील मिशन धरण. दबणाऱ्या, बेभरवशाच्या गाळावर ते उभे करायचे होते. इथेही बांधकाम सुरू असताना जमिनीचे वागणे पाहून आराखडा बदलत नेला गेला. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्समधील विंचेस्टर येथे टर्झाघी यांचे निधन झाले. १९६५ मध्ये त्या धरणाला त्यांचे नाव देण्यात आले.

मुंबईसाठी याचा अर्थ काय?

मुंबईच्या पोटात मुख्यतः बसॉल्ट खडक आहे, त्यामुळे शिकागो किंवा सिंगापूरचे चित्र इथे जसेच्या तसे लागू होत नाही. पण भरावाच्या जमिनीवर, ठाणे खाडीच्या काठाने आणि नवी मुंबईच्या बऱ्याच भागांत खडकावर मऊ सागरी चिकणमातीचा थर आहे. तिथे तळघर खणणे असो वा रस्त्याचा भराव, प्रश्न टर्झाघी यांच्याच मातीचा असतो.

भुयारी मेट्रोसारख्या कामाशेजारच्या जुन्या इमारतीच्या भिंतीवर कधी कधी काचेचे छोटे प्रिझम बसवलेले दिसतात. खड्ड्यालगत जमिनीत उतरलेल्या, वर झाकण असलेल्या नळ्या दिसतात. प्रिझमवरून इमारत किती हलली हे कळते, नळ्यांमधून जमीन किती सरकली आणि पाण्याची पातळी किती बदलली हे कळते. स्टेट स्ट्रीटवरच्या खुणांचेच हे आजचे रूप आहे. ही उपकरणे लावली आहेत का, हा पहिला प्रश्न. त्यांचे आकडे रोज कोण वाचते आणि आकडा बिघडला तर खोदकाम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा त्याहून महत्त्वाचा.